थॉमस जेफरसनचा दिवस आणि त्याची पत्रं

जुनी_पानं (धागाकर्ती)

अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स याने एका वर्षात ४३ ग्रंथ वाचून काढले हे कळल्यावर थॉमस जेफरसनने ११ जानेवारी १८१७ रोजी त्याला उत्तर लिहिलं. तुमचा हेवा वाटतो, असं म्हणून तो पुढे सांगतो, की मला वर्षाकाठी पाच-सहा पुस्तकं वाचायला मिळाली तरी पुष्कळ. सूर्य उगवल्यापासून दुपारी एक-दोनपर्यंत, आणि बऱ्याचदा जेवणानंतर अंधार पडेपर्यंत, मी लिहिण्याच्या मेजाशी राबत असतो. कशासाठी, तर ज्यांची नावंही कधी ऐकली नाहीत अशा लोकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला. पण त्यांनी सभ्यपणे लिहिलंय, मग सभ्यपणे उत्तर देणं टाळायचं कसं?

तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. दोनदा अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद भूषवून १८०९ मध्ये तो व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलोला, डोंगरमाथ्यावरच्या आपल्या घरी परतला होता. माणूस निवृत्त झाला, पण पत्रं काही निवृत्त होईनात. १८२२ मध्ये त्याने अ‍ॅडम्सला कळवलं, की सहज म्हणून पत्रांची यादी काढून १८२० या एका वर्षात आलेली पत्रं मोजली, तर ती १,२६७ निघाली. कितीतरी पत्रांना उत्तर द्यायचं तर आधी बारकाईने शोधाशोध करायला हवी. 'याला का जगणं म्हणायचं?' असं त्याने विचारलंय. घाण्याला जुंपलेल्या घोड्याचं हे आयुष्य, मेल्याशिवाय फेरा सुटायचा नाही; यापेक्षा कोबीचा गड्डा सुखी!

गेले काही महिने मी ही पत्रं वाचतेय आणि माझं एक मत पक्कं होत चाललंय. जेफरसनचे विचार वेगळे काढून वाचण्यापेक्षा त्याचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून पत्रं वाचावीत. मग तो कळतो, आणि मग खुपतोही.

दिवसाबद्दल त्याने स्वतः लिहून ठेवलंय. १८१९ मध्ये व्हाइन अटली नावाच्या डॉक्टरने प्रकृती आणि सवयींबद्दल विचारलं, तेव्हा जेफरसनने पानं भरून उत्तर पाठवलं. रात्री झोपायला कितीही उशीर होवो, सूर्याबरोबर उठतो. गेली साठ वर्षं रोज सकाळी पाय थंड पाण्यात बुडवतो. मांस थोडंच, तेही भाज्यांना चव यावी म्हणून, पोट भरायला नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेल्या दीड पेल्याच्या दुप्पट वाइन घेतो, कुणी मित्र आला तर तिप्पट, पण कडक दारूला हात लावत नाही. झोप पाच ते आठ तास. झोपण्याआधी अर्धा-एक तास मन उन्नत करणारं काहीतरी वाचतो. वयामुळे एकही दात पडलेला नाही. चष्मा रात्री लागतो, दिवसा बारीक अक्षर असेल तरच. एका माणसाशी बोलताना नीट ऐकू येतं, पण चार जण एकदम बोलायला लागले की गोंधळ होतो. हे शेवटचं वाचून मला माझे आजोबा आठवले.

डिसेंबर १८२४ मध्ये डॅनियल वेबस्टर हा राजकारणी त्याच्याकडे पाहुणा म्हणून राहून गेला. त्याने बाहेरून पाहिलेला दिवस टिपलाय. पलंगासमोरच्या घड्याळाचे काटे दिसण्याइतका उजेड झाला की जेफरसन उठतो आणि आधी तापमापक बघतो. नऊच्या न्याहारीपर्यंत लेखन. न्याहारीला चहा, कॉफी आणि भट्टीतून नुकताच काढलेला पाव. मग पुस्तकांच्या खोलीत. हवा चांगली असेल तर घोड्यावरून सात ते चौदा मैलांची रपेट. चारला जेवण, सहाला दिवाणखान्यात कॉफी, नऊपर्यंत गप्पा, आणि नऊला झोप. तेव्हा तो ८१ वर्षांचा होता!

त्याने आयुष्यात सुमारे १९,००० पत्रं लिहिली असं धरतात. आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही त्याने १७८३ पासून मरेपर्यंत ठेवली. विशेष म्हणजे यातली बरीचशी पत्रं दुखऱ्या हाताने लिहिली आहेत. सप्टेंबर १७८६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं उजवं मनगट निखळलं, ते पुन्हा पूर्ववत झालंच नाही. त्यानंतर महिन्याभराने मारिया कॉसवे या चित्रकर्तीला लिहिलेलं डोकं आणि हृदय यांच्या संवादाचं प्रसिद्ध पत्र त्याने डाव्या हाताने लिहिलं. अटलीच्या पत्रातही तो म्हणतो, की मनगट आखडल्यामुळे लिहिणं सावकाश आणि वेदनेचं झालंय.

इथे कुणी ही पत्रं वाचली आहेत का? तुम्हाला त्यांत काय सापडलं?

मंदार_का

छान लिहिलंय, पुढील लेखनाला शुभेच्छा. एक शंका. आलेली पत्रं जपता येतात, पण त्याने दुसऱ्यांना पाठवलेली पत्रं एवढ्या संख्येने कशी शिल्लक राहिली? ती तर देशोदेशी विखुरली असणार.

यंत्रभान

मंदार, याचं उत्तर माझ्या आवडीच्या विषयात आहे. तो पाठवलेल्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवायचा, आणि त्यासाठी त्याने आयुष्यभर यंत्रं वापरली.

पहिलं यंत्र जेम्स वॉटचं. हो, वाफेच्या इंजिनवाला वॉट. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर ओलसर, अगदी पातळ कागद ठेवून दाब द्यायचा. शाई थोडी त्या कागदात उतरते. अक्षरं उलटी उमटतात, पण कागद इतका पातळ असतो की मागच्या बाजूने सरळ वाचता येतात. प्रवासात नेता येईल असं छोटं यंत्रही त्याने करवून घेतलं होतं. अडचण एवढीच, की या प्रती फिक्या पडत.

मग १८०४ मध्ये त्याच्या हाती पॉलिग्राफ आला. जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रज माणसाने तो शोधला आणि अमेरिकेतले हक्क चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराकडे होते. दोन लेखण्या दांड्यांच्या चौकटीत अशा जोडलेल्या असतात की एक जशी हलेल तशीच दुसरी हलते. तुम्ही एका कागदावर लिहिता, शेजारच्या कागदावर त्याच क्षणी तेच अक्षर उमटतं. कारकुनाला वाचू द्यायला नको, नंतर उतरवत बसायला नको. जेफरसनने एक वॉशिंग्टनला ठेवला, एक मॉन्टिसेलोला, आणि पीलला सुधारणा सुचवणारी पत्रं पाठवत राहिला. या युगातला सर्वोत्तम शोध, असं त्याने म्हटलंय. काही वर्षांनी त्याने पीलला कळवलं, की आता याच्याशिवाय मला जगता येणार नाही.

दुखऱ्या मनगटाच्या माणसाने दोन लेखण्यांचं वजन ओढायचं ठरवलं, यावरून त्याला प्रतीची किती किंमत वाटत होती ते कळतं.

आणि एवढी पत्रं का येत याचं एक साधं कारण टपालखर्चात आहे. त्या काळी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा भरायचा. माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून जेफरसनचं टपाल संसदेने माफ केलं होतं. शोध लागला, कविता सुचली, नोकरी हवी झाली, की लोक मॉन्टिसेलोला पत्र टाकत.

वर्षा_शिक्षिका

मला त्याची मुलीला लिहिलेली पत्रं फार जवळची वाटतात. पत्नी मार्था ६ सप्टेंबर १७८२ रोजी गेली. नवरा-बायकोची एकमेकांना लिहिलेली पत्रं आज उपलब्ध नाहीत. त्याने ती जाळली असं मानतात. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कामासाठी तो अ‍ॅनापोलिसला आणि अकरा वर्षांची मुलगी पॅट्सी फिलाडेल्फियाला. २८ नोव्हेंबर १७८३ च्या पत्रात त्याने तिचं वेळापत्रक आखून दिलंय. आठ ते दहा संगीत. दहा ते एक, एक दिवस नृत्य आणि एक दिवस चित्रकला. एक ते दोन, नृत्याच्या दिवशी चित्र आणि दुसऱ्या दिवशी पत्रलेखन. तीन ते चार फ्रेंच वाचन. चार ते पाच पुन्हा संगीत. पाचपासून झोपेपर्यंत इंग्रजी वाचन आणि लेखन. शिवाय दर आठवड्याला एखाद्या मावशीला किंवा आत्याला पत्र लिहायचं, आणि कोणताही शब्द चुकीचा लिहायचा नाही.

आणि शेवटी, तू माझी निराशा केलीस तर त्याहून मोठं दुःख जग मला देऊ शकणार नाही, असं. आई जाऊन जेमतेम वर्ष झालेल्या मुलीला! शाळेत शिकवताना अशी ओझ्याखाली वाकलेली मुलं मी पाहिली आहेत. पण पॅट्सीने ते पेललं. पुढे तिला अकरा मुलं मोठी झाली, आणि बापाच्या म्हातारपणी मॉन्टिसेलोचं घर तिनेच सांभाळलं.

परसबाग

तापमापकाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ४ जुलै १७७६ रोजी, त्यानेच लिहिलेला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्या दिवशी, जेफरसनच्या हिशोबाच्या वहीत तापमापकाचे पैसे दिल्याची नोंद आहे, आणि बायकी हातमोज्यांच्या सात जोडांची. त्या दिवशीचं फिलाडेल्फियाचं तापमानही त्याने टिपलंय: सकाळी सहाला ६८ अंश फॅरनहाइट, नऊला सव्वाबहात्तर, दुपारी एकला ७६, रात्री नऊला साडेत्र्याहत्तर. एवढ्या धामधुमीत चार वेळा!

बागेची वही १७६६ मध्ये सुरू झाली, पहिली नोंद जांभळा हायसिंथ फुलायला लागल्याची. मॉन्टिसेलोच्या उतारावर त्याने हजार फूट लांबीची सपाट पट्टी काढून भाज्यांची बाग केली आणि तिथे ३३० हून अधिक वाण लावून पाहिले. कोणतं बी कधी पेरलं, कधी उगवलं, कधी ताटात आलं, आणि काय फसलं, सगळं लिहिलेलं. फसलेलं लिहून ठेवणारा बागवाला मला लगेच आवडतो. वाटाण्यावर तर त्याचा जीव. पहिला वाटाणा कुणाच्या बागेत येतो यावर शेजाऱ्यांत पैज लागे आणि जिंकणाऱ्याने इतरांना जेवायला बोलवायचं. घरच्यांची आठवण अशी, की एकदा याचा वाटाणा आधी आला, तरी नेहमी जिंकणाऱ्या शेजाऱ्याचा आनंद जाऊ नये म्हणून हा गप्प बसला.

'मी म्हातारा झालो, पण माळी म्हणून अजून तरुण आहे' हे त्याचं वाक्यही पत्रातलंच, १८११ मध्ये पीलला लिहिलेल्या.

अनुराधा७

अ‍ॅडम्स-जेफरसन पत्रव्यवहारावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. १७७६ चे सहकारी, युरोपातले मित्र, आणि एकमेकांविरुद्ध लढवलेल्या १८०० च्या निवडणुकीनंतर अबोला. मधे १८०४ मध्ये जेफरसनची धाकटी मुलगी पॉली वारली. ही पोर लहानपणी लंडनला अ‍ॅडम्सची बायको अ‍ॅबिगेल हिच्याकडे राहिली होती. अ‍ॅबिगेलला राहवलं नाही, तिने नवऱ्याला न सांगता सांत्वनाचं पत्र लिहिलं. उत्तरात जेफरसनने राजकारण काढलं, तिने तिखट उत्तरं दिली, आणि काही पत्रांनंतर सगळं थांबलं. मग नोव्हेंबरमध्ये तिने ती पत्रं नवऱ्यासमोर ठेवली. अ‍ॅडम्सने खाली शेरा मारला: हा पत्रव्यवहार माझ्या नकळत झाला, काल संध्याकाळी आणि आज सकाळी सगळा वाचला, यावर मला इथे आणि आत्ता काही म्हणायचं नाही.

पुढे दोघांचा मित्र डॉ. बेंजामिन रश याने मध्यस्थी केली आणि १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्सने पहिलं पाऊल टाकलं. घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय, असं त्याने लिहिलं. पत्र आधी पोचलं, पुडकं मागे राहिलं. जेफरसनने ते शब्दशः घेऊन व्हर्जिनियात घरोघरी कताई-विणाई कशी चालते यावर सविस्तर उत्तर लिहिलं. मागाहून पुडकं आलं तर आत पुस्तकाचे दोन खंड! अ‍ॅडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी याची वक्तृत्वावरची व्याख्यानं होती ती. घरात विणलेलं कापड म्हणजे घरच्या पोराची करणी.

त्यानंतर चौदा वर्षांत १५८ पत्रं झाली. त्यातली १०९ अ‍ॅडम्सची, ४९ जेफरसनची. अ‍ॅडम्सने कधी हिशोब मागितला नाही. हात थरथरायला लागले तेव्हा घरच्यांना सांगून लिहवून घेतलं. 'एकमेकांना आपापली बाजू समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरता कामा नये', हे त्याने १८१३ मध्ये लिहिलं. ऑक्टोबर १८१८ मध्ये अ‍ॅबिगेल गेली तेव्हा जेफरसनचं पत्र छोटंसं आहे. अशा दुःखावर काळ आणि मौन हेच औषध, हे मी स्वतः सोसून शिकलोय, असं तो सांगतो आणि थांबतो. एवढा लिहिणारा माणूस तिथे थोडक्यात आटोपतो, म्हणून ते पत्र मला त्याचं सर्वात चांगलं पत्र वाटतं.

रानवाटा

धागा मनापासून आवडला, पण कुणी अजून विचारलं नाही म्हणून विचारते. पहाटे उठल्यावर त्याच्या खोलीत शेकोटी कोण पेटवत होतं? भट्टीतला पाव कोण काढत होतं? बागेची ती हजार फुटांची पट्टी कुणी खणली?

जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. स्वयंपाकघरात एडिथ फॉसेट होती. राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकलेली. घरची व्यवस्था बरवेल कोल्बर्टकडे, बाग वर्मली ह्यूजकडे. खिळ्यांच्या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची मुलं दिवसभर हातोडा मारत, आणि कुणी किती खिळे केले याच्या नोंदी हा ठेवायचा. वाटाण्याची वही आणि ही वही एकाच हाताची आहे.

सातारकर_इतिहासप्रेमी

रानवाटा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण प्रत्येक चर्चेत हेच पुढे आलं तर त्या माणसाचं काम बाजूला राहतं. व्हर्जिनियातल्या जमीनदारीत तो जन्मला, त्या काळात सगळेच असे होते. आजच्या मापाने १७४३ मध्ये जन्मलेल्या माणसाला मोजणं मला पटत नाही.

रानवाटा

सातारकर, आजचं माप नकोच. त्याच्याच काळातलं, त्याच्याच टपालातलं माप घेऊ.

१९ ऑगस्ट १७९१ रोजी बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञाने स्वतः तयार केलेल्या पंचांगाची हस्तलिखित प्रत जेफरसनला पाठवली. सोबतच्या पत्रात त्याने जाहीरनाम्यातलंच वाक्य त्याच्यासमोर धरलं: सर्व माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या तुम्ही माझ्या बांधवांना बळजबरीने दास्यात ठेवलंय. जेफरसनने ३० ऑगस्टला उत्तर दिलं. उत्तर सौजन्याचं आहे, पंचांग पॅरिसला कोंदोर्से या फ्रेंच विद्वानाकडे पाठवतोय असंही कळवलंय. पण दास्याच्या आरोपावर सरळ उत्तर त्यात नाही. 'सगळेच असे होते' म्हणताना बॅनेकरही त्याच काळातला होता, हे विसरू नये.

आता पहाटेच्या शेकोटीचं. ती पेटवणाऱ्या माणसाचं नाव माहीत आहे: इस्रायल गिलेट, पुढे इस्रायल जेफरसन. लहानपणापासून त्याने ती खोली झाडली, पुस्तकांवरची धूळ पुसली, निरोप पोचवले. पुढे स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेऊन तो ओहायोत स्थायिक झाला आणि १८७३ मध्ये तिथल्या वृत्तपत्रात त्याच्या आठवणी छापून आल्या. १८२४ मध्ये लाफायेत, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी, मॉन्टिसेलोला आला होता. गाडीच्या घोड्यांवर इस्रायल होता आणि मागे दोघांचं बोलणं चाललेलं त्याने ऐकलं. या लोकांना मुक्त करायला हवं, असं लाफायेत म्हणाला. तशी वेळ येईल, असं जेफरसन म्हणाला, पण कधी आणि कशी ते बोलला नाही. यांना शिकवावं का, यावर त्याचं म्हणणं होतं, की छापील वाचायला शिकवावं, पण लिहायला शिकवू नये. लिहिता आलं तर ते खोटे परवाने तयार करतील आणि मग त्यांना ताब्यात ठेवता येणार नाही.

हे इस्रायलने पन्नास वर्षांनी सांगितलेलं आहे, हे लक्षात घेऊनही मला ते खरं वाटतं. लिहिण्यात किती बळ असतं हे दिवसाचे आठ-आठ तास लिहिणाऱ्या माणसाला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

ब्लूरिजकर

मी शार्लट्सव्हिलजवळ राहतो, मॉन्टिसेलो इथून अगदी जवळ. भारतातून कुणी आलं की घेऊन जातो. त्याचा पलंग शयनगृह आणि लिहिण्याची खोली यांच्या मधल्या भिंतीच्या कोनाड्यात आहे. एका बाजूने उतरलं की निजायची खोली, दुसऱ्या बाजूने उतरलं की मेज आणि पॉलिग्राफ. मालक लिहायचा ती खोली आणि गुलामांची घरं, कामाच्या शेड्स असलेला मलबेरी रो हा रस्ता एकमेकांपासून किती जवळ आहेत हे पायी चालल्यावरच कळतं.

रानवाटा यांच्या मुद्द्याला जोडून. पाहुण्यांचा त्रास चुकवायला जेफरसनने लिंचबर्गजवळ पॉप्लर फॉरेस्टला अष्टकोनी घर बांधलं होतं. तिथल्या हॅना नावाच्या गुलाम स्त्रीने १५ नोव्हेंबर १८१८ रोजी त्याला लिहिलेलं पत्र जपलेलं आहे. तुमचं घर आणि सामान सुरक्षित आहे. तुम्ही आजारी आहात, या खेपेला येत नाही, हे ऐकून वाईट वाटलं. देवाने जे केलं त्याबद्दल आपण सर्वांनी कृतज्ञ असावं, त्याच्या आज्ञा पाळाव्यात. मालकाला धर्माची आठवण करून देणारी ही बाई पत्राच्या शेवटी स्वतःला अडाणी म्हणवते. गुलाम सुतार जॉन हेमिंग्ज याचीही तिथल्या बांधकामाबद्दलची पत्रं आहेत, छप्पर आणि लाकूडकामाच्या तपशिलांनी भरलेली. म्हणजे लिहिणारे लिहायला शिकलेच.

अनुराधा७

ब्लूरिजकर, हे वाचून मला एक जुनं पत्र आठवलं. १७८७ मध्ये पॉली लंडनला उतरली तेव्हा तिच्यासोबत एक गुलाम मुलगी होती. अ‍ॅबिगेलने जेफरसनला कळवलं, की सोबतची पोर अगदीच लहान आहे, तिचा फार उपयोग होणार नाही. नाव लिहिलं नाही. ती सॅली हेमिंग्ज, चौदा वर्षांची.

पुढे तिला झालेल्या मुलांचा बाप जेफरसन, हे तिच्या मुलाने, मॅडिसन हेमिंग्जने, १८७३ मध्येच ओहायोच्या त्याच वृत्तपत्रातून सांगितलं. १९९८ च्या डीएनए चाचणीत तिच्या धाकट्या मुलाच्या वंशाचा जेफरसन घराण्याशी पुरुषवंशाने संबंध जुळला, आणि २००० मध्ये मॉन्टिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेही ती शक्यता फार मोठी असल्याचं मान्य केलं. १९,००० पत्रांत या नात्याबद्दल त्याने उघडपणे काही सांगितलेलं नाही. ज्याने वाटाणा कधी उगवला तेही लिहिलं, त्याने.

निळी_शाई

१८७३ हे साल पुन्हापुन्हा आलं म्हणून. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी नि:स्वार्थपणे झटून काम केलं, त्यांना अर्पण केलं. ओहायोत इस्रायल आणि मॅडिसन आपली हकिकत सांगत होते, तेव्हा इकडे मराठीत हा विषय पोचलेला होता. सातारकर, आपल्याकडच्या वाचकाने हा प्रश्न विचारणं त्यामुळे मला उपरं वाटत नाही.

सातारकर_इतिहासप्रेमी

बॅनेकरचं पत्र रात्री शोधून पूर्ण वाचलं. त्याच्या काळातच त्याला तोंडावर विचारलं गेलं होतं, हे खरं. तरीही म्हणेन, की धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठ ही त्याची कामं धाग्यात यायला हवीत. म्हातारपणातली कितीतरी पत्रं विद्यापीठाच्या इमारती, पुस्तकं आणि प्राध्यापक यांच्यासाठीच आहेत.

यंत्रभान

पैशांचंही बोलू. जेफरसनने जवळजवळ साठ वर्षं रोजच्या खर्चाची वही ठेवली. टोलनाक्यावरचे पैसेसुद्धा त्यात आहेत. पण ती वही म्हणजे टिपण होतं, ताळेबंद नव्हे. कर्ज वाढत राहिलं. १८१५ मध्ये त्याने स्वतःचा ग्रंथसंग्रह, ६,४८७ पुस्तकं, २३,९५० डॉलरना संसदेला विकला. आधीचं संसदेचं ग्रंथालय इंग्रज फौजेने १८१४ मध्ये जाळलं होतं. पुस्तकं जाताच त्याने अ‍ॅडम्सला लिहिलं, की पुस्तकांशिवाय मला जगता येत नाही, आणि पुन्हा खरेदी सुरू केली.

मेला तेव्हा १,०७,००० डॉलरहून जास्त कर्ज होतं. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोवर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. एडिथचा नवरा, लोहार जोसेफ फॉसेट, याला मृत्युपत्रात स्वातंत्र्य मिळालं होतं, पण एडिथ आणि मुलं विकायला काढली गेली. ताळेबंद न मांडल्याची किंमत त्यांनी मोजली.

रानवाटा

आणि त्याआधी सहा महिने, २४ जून १८२६ रोजी, जेफरसनने वॉशिंग्टनचा महापौर रॉजर वेटमन याला पत्र लिहिलं. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाच्या समारंभाला वॉशिंग्टनला येता येत नाही हे कळवण्यासाठी. त्यात तो म्हणतो, की माणसांचा मोठा समुदाय पाठीवर खोगीर घेऊन जन्मलेला नाही, आणि बूट-टाचा चढवून त्यांच्यावर स्वार व्हायला मूठभर लोक देवाच्या कृपेने जन्मलेले नाहीत.

हे वाक्य मला आजही हवंय, इतकं ते चांगलं आहे. म्हणूनच राग जास्त येतो.

जुनी_पानं (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. सातारकर आणि रानवाटा, तुम्ही दोघांनी वाचून वाद घातलात याचा आनंद वाटला. इस्रायलचं नाव मी मूळ लेखात पहाटेच्या ओळीतच लिहायला हवं, असं आता वाटतं. लेखात बदल करून ते घालते.

वेटमनच्या पत्रानंतर दहा दिवसांनी, ४ जुलै १८२६ रोजी दुपारी, जेफरसन गेला. त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास क्विन्सी या आपल्या गावी अ‍ॅडम्सही गेला. जेफरसनचं त्याला शेवटचं पत्र २५ मार्चचं, नातवाची ओळख करून देणारं: हा बॉस्टनला येतोय, तुम्हाला भेटल्याशिवाय परतला तर काहीच पाहिलं नाही असं त्याला वाटेल. अ‍ॅडम्सचं उत्तर १७ एप्रिलचं.

व्यनितून (खासगी निरोपातून) काही जणांनी सुरुवात कुठून करायची असं विचारलंय. ही पत्रं फाउंडर्स ऑनलाइन या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, तारखेने आणि नावाने शोधता येतात. मी क्रम असा सुचवेन: आधी अटलीचं १८१९ चं पत्र, म्हणजे माणूस समोर येतो. मग बॅनेकरचं पत्र आणि त्याचं उत्तर, लागोपाठ. त्यानंतर १८१२ पासूनचा अ‍ॅडम्सबरोबरचा पत्रव्यवहार सलग, अ‍ॅडम्सची पत्रं न गाळता. हॅनाचं पत्र एका पानाचं आहे, ते कधीही वाचा. इंग्रजी जुनं आहे, पण चार-पाच पत्रांनंतर सवय होते. कुणाला मराठीत अनुवाद करायला आवडणार असेल तर व्यनि करा. पॅट्सीच्या पत्रापासून मी सुरुवात केली आहे, वर्षाताई तपासून देणार आहेत.